पाटणगडातील सर्वांत सुखी वस्ती

पाटणगड महापालिकेने त्या वर्षीचा सुखांक जाहीर केला तेव्हा पहिला क्रमांक दगडखाण वस्तीला मिळाला, आणि पहिला क्रमांक मिळाल्यामुळे वस्तीतला फिरता दवाखाना बंद झाला. दोन्ही गोष्टी एकाच पत्रकात, एकीखाली एक छापलेल्या होत्या. वरच्या परिच्छेदात वस्तीचे अभिनंदन होते. खालच्या परिच्छेदात म्हटले होते की, सदर वस्तीस मदतीची निकड उरलेली नसल्याने दवाखान्याची गाडी अधिक गरजू भागाकडे वळवण्यात येत आहे.

डॉ. इरावती कुलथे हिने ते पत्रक वाचले, बाजूला ठेवले आणि पुन्हा उचलून वाचले. ध्वनिशास्त्र हा तिचा विषय होता, आणि सुखांक मोजणाऱ्या यंत्रणेतला हास्याचा भाग तिच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता. स्वतःच्या कामावर खूश होण्याचा तिचा स्वभाव नव्हता. विद्यार्थी चुकणारच हे ती धरून चालत असे आणि या नियमातून स्वतःला वगळत नसे. दगडखाण वस्तीतली माणसे खडी फोडतात, तिथल्या घराघरांत धुळीने छाती धरलेले एक तरी माणूस आहे, आणि प्राणवायूच्या नळ्या घेऊन येणाऱ्या त्या गाडीवरच त्यांचा श्वास चालतो, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होते. तेव्हा कुठेतरी चूक होती. कुठे, एवढाच प्रश्न होता.

सुखांकाची मूळ कल्पना वाईट नव्हती. पूर्वी गरिबी कागदावर मोजली जाई, आणि कागदाला काय, जे सांगाल ते तो ऐकतो. दारात मोटार उभी असलेल्या घरांतही गरिबीचे दाखले निघत. तेव्हा कोणीतरी सुचवले की माणसाचा शब्द न ऐकता आवाज ऐकावा. शब्द खोटा असू शकतो. आवाजाला खोटे बोलणे फार अवघड जाते. माणूस ताणाखाली असला की स्वरयंत्राचे स्नायू आवळतात, सूर किंचित चढतो आणि आवाजात एरवी असणारी सूक्ष्म थरथर कमी होते. हे ठरवून करता येत नाही आणि थांबवताही येत नाही. हसण्याचेही तेच. साहेबांच्या विनोदावर येणारे हसू आपण बोलतो त्याच यंत्रणेने, जाणूनबुजून घडवलेले असते. खरे हसू मेंदूच्या फार जुन्या भागातून येते, छातीतली हवा झटक्याझटक्याने बाहेर फेकते, आणि त्याचा सूर बोलण्याच्या कितीतरी वर जातो. दोन्हींतला फरक कानाला कळतो. इरावतीने तो यंत्राला कळवला. मग शहरातल्या चौकाचौकांत श्रवणस्तंभ उभे राहिले. ते शब्द साठवत नसत, फक्त आवाजाचा पोत मोजत. जिथे ताण जास्त आणि खरे हसू कमी, तिथे मदत आपोआप जाई. मध्ये कारकून नाही, शिफारस नाही, चहापाणी नाही.

इरावती कोणाला न कळवता, हातातले मोजयंत्र घेऊन वस्तीवर गेली. श्रवणस्तंभ मधल्या मोकळ्या जागेत होता, आणि त्याच्याच बुंध्याशी माणसे जमली होती. घोळक्यात खाकी विजार आणि लग्नाच्या बँडवाल्याचा लाल कोट घातलेला एक उंच माणूस उभा होता. त्याच्या हातात बांबू होता आणि बांबूच्या टोकाला न्हाणीघरातला फवारा बांधलेला होता. तो फवारा तो एकेकाच्या तोंडापुढे धरी आणि गंभीरपणे कानाशी नेई.

तो भिवा शेगर होता. बहुरूपी. त्याच्या घराण्यात हेच चालत आले होते: कधी फौजदार, कधी तलाठी, कधी डॉक्टर होऊन दारोदार जायचे, लोकांना खोट्या गुन्ह्यांत पकडायचे, आणि सोंग उतरवले की ज्वारी, पीठ, जुने कपडे अशी बिदागी घ्यायची. दगडखाण वस्तीत त्याची थोरली बहीण अंजनाक्का राहत होती, आणि तिची छाती बिघडल्यापासून तोही तिथेच राहत होता. या खेपेला त्याने सुखनिरीक्षकाचे सोंग आणले होते.

"नळाला पाणी कधी आलं होतं?" त्याने एका बाईला विचारले.

"मागल्या आठवड्यात, साहेब."

"म्हंजे आठवडाभर भांडण नाही, रांग नाही, चिखल नाही. लिहा, सुखी." त्याने फवाऱ्याने हवेत लिहिले आणि पुढच्याकडे वळला. "छप्पर?"

"वाऱ्यानं गेलं, साहेब."

"घरबसल्या चांदणं! साहेबलोक त्यासाठी महाबळेश्वराला जाऊन खोल्या घेतात. लई सुखी. ह्याला जादा कर लावा."

माणसे हसत होती. भिवाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. तो उंबऱ्यावर बसलेल्या बहिणीपाशी आला.

"तुमची काय तक्रार, आजीबाई?"

"चार पावलं... चालले... की दम लागतो."

"मग चालता कशाला? आयुक्तसाहेबांना कधी दम लागलेला बघितलाय? गाडीतनं उतरतच न्हाईत. त्यांच्याकडनं शिका काहीतरी."

अंजनाक्का हसली. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईतो हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. इरावतीचे लक्ष हातातल्या पडद्यावर होते. हसण्याचे उंच, दाट शिखर तिथे स्पष्ट उमटले होते, अस्सल, शंका घ्यायला जागा नसलेले. खोकल्याच्या जागी मात्र सपाट रेघ होती. कारण तिला माहीत होते. हसणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून यंत्रातली चाळणी खोकला, शिंका, भांड्यांचे आवाज हे सारे गोंगाट समजून गाळून टाकत असे. ती चाळणी तिनेच बसवली होती.

तेवढ्यात फवारा तिच्या तोंडापुढे आला. "आणि ह्या पाहुण्या कोण? तोंड का उतरलंय? वस्ती शहरात एक नंबर आणि तुम्ही अशा? दंड पडंल."

इरावतीने खरे ते सांगितले. आपण प्रयोगशाळेतून आलो आहोत, हे स्तंभ ऐकतात ते आपल्या पद्धतीने ऐकतात, आणि तुमची गाडी तुमच्या हसण्यामुळे गेली आहे.

मागून एक म्हातारा समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, सोंगाला खरं सांगत नसतात. सोंग जे इचारंल तेच्या मापानं बोलायचं असतं." पण आता उशीर झाला होता. वस्तीचा मुकादम हणमंता धोत्रे पुढे आला, आणि भिवाने फवारा खाली केला.

हणमंताचे म्हणणे रोकडे होते. दवाखाना नसेल तर अंजनाक्कासारखी माणसे जगणार नाहीत. हसू नसले तर कोणी मरत नाही. गाडी परत येईपर्यंत वस्तीत सोंग बंद. भिवाने कोट काढून घडी घातला. बहिणीने मात्र ऐकून घेतले नाही. "गाडी गेली ती गेली," ती अडखळत म्हणाली, "आता हसूबी ह्यांच्याच हवाली करता?" पण मुकादमाचा शब्द राहिला.

वस्ती गप्प झाली. लोक कुजबुजत बोलू लागले, स्तंभाजवळून जाताना पदर तोंडाला लावू लागले. आणि सुखांक वर गेला. भांडण नाही, ओरडा नाही, चढलेला सूर नाही. यंत्राने या शांततेची नोंद समाधान अशी केली. मग हणमंताने उलटा उपाय काढला. साऱ्या वस्तीने स्तंभाखाली बसून रडायचे. पण ठरवून काढलेले रडे ठरवून काढलेल्या हसण्यासारखेच असते, आणि हा फरक ओळखायला यंत्र चांगलेच शिकले होते. मापनात फेरफार करण्याचा प्रयत्न केल्याबद्दल वस्तीला समज देण्यात आली. खऱ्या दुःखाने ती माणसे सहसा रडत नसत. तो रिवाज त्यांच्यात नव्हता. ती त्यावर सोंगे काढत.

अंजनाक्काची धाप या काळात वाढली. भिवा तिला पाठीवर घेऊन सरकारी इस्पितळाच्या रांगेत उभा राही आणि पाठीवर घेऊनच परत आणी.

इरावती उपायुक्त श्रीनिवास वाघोलीकर यांना भेटली. संपूर्ण योजना त्यांच्या अखत्यारीत होती, आणि त्यांना तिचा खरोखर अभिमान होता. लाच न खाणारे, वेळेवर येणारे, फायलीवर धूळ बसू न देणारे ते अधिकारी होते. त्यामुळेच त्यांच्याशी वाद घालणे अवघड होते. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले की दगडखाणीतले हसू खोटे होते का. इरावतीने प्रामाणिकपणे नाही म्हटले.

"मग अडचण काय आहे, मॅडम? तुमच्याच यंत्राने खरं हसू ओळखलं."

"ते लोक सुखी असल्यामुळे हसत नाहीत. आपल्या हालांवर हसतात. आणि जास्त करून तुमच्यावर."

"कशावर का असेना, हसतात ना? उद्या तुम्ही मला हसण्याची कारणं तपासायला सांगाल. त्यासाठी पुन्हा कारकून नेमावा लागेल."

युक्तिवाद चोख होता. इरावतीने विचारले की श्रवणस्तंभ शहरातल्या कोणकोणत्या भागांत नाहीत. वाघोलीकरांनी सांगितले की नंदनवन वसाहतीत नाहीत. तिथे अधिकारी, डॉक्टर, कारखानदार राहतात, ते स्वतःही तिथेच राहतात, आणि मदतीची गरज नसलेल्या ठिकाणी यंत्रे बसवणे म्हणजे पैशाचा अपव्यय.

"तुलनेला दुसरी बाजू नसेल तर ते मोजमाप नव्हे," इरावती म्हणाली. "ताप मोजायचा तर निरोगी माणसाचाही मोजावा लागतो. नंदनवनात स्तंभ लावू द्या. काय निघेल हे मला ठाऊक नाही, म्हणूनच लावायचा."

वाघोलीकरांना त्यात वेगळाच लाभ दिसला. नंदनवन मोजणीत आले की शहराची सरासरी वाढेल आणि राज्यात पाटणगड वर सरकेल. त्यांनी संमतीची सही केली आणि सौजन्याने हसले. इरावतीच्या पिशवीतले मोजयंत्र चालूच होते. ते हसू यंत्राने हसू म्हणून नोंदवले नाही.

नंदनवनात सुबक, हिरवा रंग दिलेले स्तंभ लागले. रहिवाशांनी आक्षेप घेतला नाही. शब्द साठवले जात नाहीत याची खात्री करून घेतली आणि ते आपापल्या कामाला लागले. त्यांचे काम म्हणजे मुख्यतः फोनवर बोलणे. हप्ते, बदल्या, मुलांचे प्रवेश, शेजाऱ्याने कुंपण किती सरकवले. संध्याकाळी बागेत एक हास्यमंडळ भरे, त्यात सारे हात वर करून मोजून मापून हसत. यंत्राने त्या हसण्याकडे ढुंकून पाहिले नाही.

पुढच्या मोजणीत नंदनवन शहरात सर्वांत खाली आले. जरासे खाली नव्हे, फार खाली. नियमाप्रमाणे, आपोआप, कोणाचाही हात न लागता, फिरत्या दवाखान्याची गाडी नंदनवनच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिली. तिच्यामागे शिधा वाटणारी गाडीही आली. दोन्ही परत पाठवायच्या तर यंत्र चुकले असे लिहून द्यावे लागले असते, आणि तसे लिहिणारा माणूस महापालिकेत सापडेना. वाघोलीकर रोज त्या गाड्यांच्या बाजूने मोटार काढून कचेरीत जात. गाडीतला तरुण डॉक्टर पेशंट नसल्याने पुस्तक वाचत बसे.

यादी सार्वजनिक होती. हणमंताने ती मोबाइलवर पाहिली. तो बराच वेळ पाहत राहिला, मग भिवाच्या दारात गेला.

"तुझा कोट कुठंय?" त्याने विचारले. "घाल."

रविवारी सकाळी दगडखाण वस्तीने नंदनवनासाठी वर्गणी काढली. पैशाची नव्हे. कोणी भाकरी दिली, कोणी मिरचीचा ठेचा, कोणी चिंधीत बांधलेले मीठ, कोणी फाटकी गोधडी. हे सारे डोक्यावर घेऊन, शांतपणे, रांगेने, माणसे शहरातून निघाली. पुढे भिवा, लाल कोटात आणि टोपीत, फवारा उंच धरून. मागे हातगाडीवर पोते अंथरून अंजनाक्का बसली होती. इरावतीला हणमंताने फक्त एवढेच कळवले होते की आम्ही दुःखी लोकांना भेटायला चाललो आहोत. ती फाटकापाशी पोहोचली तेव्हा रहिवासी गोळा झाले होते आणि पहारेकऱ्याने काठी आडवी धरली होती.

"बाजूला हो, बाबा," भिवा पहारेकऱ्याला म्हणाला. "रिपोर्ट आलाय. आत लई हाल आहेत माणसांचे."

मग तो घोळक्याकडे वळला, टोपी काढली आणि मयताच्या घरी बोलावे तशा आवाजात बोलू लागला. तुमची बातमी ऐकली आणि वस्तीत चूल पेटली नाही, तो म्हणाला. आम्ही खडी फोडणारी माणसं, पण माणुसकी सोडली नाही. तुम्ही अशा हलाखीत आणि दवाखान्याची गाडी इतकी वर्षं आमच्याकडे, हे आम्हाला बघवेना. बरं झालं सरकारनं ऐकलं. आता संकोच करू नका. भाकरी ताजी आहे.

कोणीतरी पोलिसांना बोलावा म्हणून ओरडले. वाघोलीकर पुढे आले, चेहरा लाल. हा काय तमाशा, असे काहीतरी ते म्हणणार होते. पण त्यांच्या मागून त्यांच्या आई, सुमतीबाई, काठी टेकत आल्या आणि त्यांनी मुलाला हाताने बाजूला सारले. त्या कऱ्हाडकडच्या एका खेड्यात वाढल्या होत्या. दारात बहुरूपी आला की काय करायचे हे त्यांना शिकवावे लागत नव्हते.

"या साहेब," त्या भिवाला म्हणाल्या, "फार वाट पाहायला लावलीत. आमचे हाल कुत्रं खात नाही."

भिवाने फवारा त्यांच्यापुढे धरला. "सांगा माउली. मोकळेपणी सांगा."

"घरात तीन मोटारी. उभ्या करायला जागा दोनचीच. रात्रीची झोप नाही."

"अरेरे. लिहा."

"पाच न्हाणीघरं आहेत. आंघोळ कुठं करावी ह्यावर दर सकाळी वाद."

"बाई बाई बाई. आणि लेक?"

सुमतीबाईंनी मुलाकडे पाहिले. "लेक मोठा साहेब आहे. दिवसभर लोकांचं सुख मोजतो. घरी येतो तेव्हा त्याला बोलायचं सुख नसतं. ह्याला काहीतरी द्या, साहेब. अर्धी भाकरी तरी द्या."

भिवाने झोळीतून भाकरी काढली, मोडली आणि अर्धी दोन्ही हातांनी उपायुक्तांपुढे धरली. फाटकाच्या आत कोणीतरी फिसकन हसले. मग दुसरे. मग पहारेकरी, मग खिडकीतली बाई, आणि पाहता पाहता सारे नंदनवन हसू लागले, हात वर न करता, मोजल्याशिवाय. हिरव्या स्तंभावर लुकलुकणारा दिवा, खरे हसू ऐकू आले की होतो तसा, स्थिर झाला. इरावतीने पिशवीतल्या यंत्राकडे पाहिलेही नाही. शिखर कसे दिसत असेल हे तिला कळत होते. हातगाडीवर अंजनाक्काही हसत होती, आणि तिचे हसणे खोकल्यात मोडले. गाडीतला तरुण डॉक्टर पुस्तक टाकून धावला. नियमाने ती त्या भागाची रहिवासी नव्हती. त्याने नियम विचारला नाही.

वाघोलीकरांच्या हातात अर्धी भाकरी होती. ती त्यांनी खाल्ली नाही आणि टाकलीही नाही. प्राणवायूची नळी तोंडाला लावलेल्या त्या बाईकडे ते पाहत राहिले. मग इरावतीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "यंत्र चुकलं असं लिहून देऊ?"

"यंत्र चुकलेलं नाही. आपण त्याला हसणं मोजायला सांगितलं, त्यानं हसणं मोजलं. गरिबी मोजायला आपण त्याला सांगितलंच नव्हतं."

"मग काय मोजायचं?"

"जे मी गाळून टाकलं होतं ते," इरावती म्हणाली. "खोकला."

चूक यंत्राची नव्हती, काय मोजायचे ते ठरवणाऱ्यांची होती, असे वाघोलीकरांनी लिहून दिले. सोपे गेले नाही; त्यांच्यावर चौकशी बसली, ती यथावकाश संपली. इरावतीला चाळणी उलटी करायला थोडेच दिवस लागले. धुळीने बिघडलेल्या छातीचा खोकला सर्दीच्या खोकल्यापेक्षा कोरडा, आखूड आणि चिवट असतो. तो वेगळा काढता येतो. स्तंभ आता तो मोजू लागले, आणि ज्या चौकात तो जास्त, तिथे गाडी जाऊ लागली. हास्याचा भाग तिने यंत्रणेतून पूर्ण काढून टाकला. प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याने हळहळून विचारले की इतकी चांगली पद्धत फुकट घालवायची का. ती म्हणाली की पद्धत चांगलीच आहे, फक्त ती कोणाच्या दारात उभी करायची नाही.

गाडी वस्तीवर परत आली त्या आठवड्यात हणमंताने इरावतीला बोलावले. ती पोहोचली तेव्हा स्तंभाखाली गर्दी होती, आणि मध्यभागी एक उंच बाई उभी होती: सुती साडी, नाकावर घसरणारा चष्मा, खांद्यावर पिशवी, हातात फवारा. तो भिवा होता, आणि त्याने इरावतीची पाठीला किंचित बाक देऊन उभे राहण्याची ढबही उचलली होती. तो एका दगडाला कान लावून ऐकत होता आणि मान हलवत होता. "हा हसत नाही," त्याने जाहीर केले, "पण तुलनेला दुसरा दगड आणा. त्याशिवाय मी बोलणार नाही." मग चष्म्यावरून त्याने इरावतीकडे पाहिले आणि फवारा तिच्यापुढे धरला.

"आपण कोण? हसता का कधी?"

या वेळी तिने खरे सांगितले नाही.

"नाही हो, डॉक्टरबाई," ती हात जोडून म्हणाली. "आम्ही गरीब माणसं. आम्हाला फक्त मोजता येतं."

वस्ती हसली. अंजनाक्का गाडीच्या पायरीवर बसली होती. ती सर्वांत मोठ्याने हसली आणि लगेच खोकू लागली. तरुण डॉक्टरने नळी पुढे केली आणि तिला दटावले की अक्का, आधी खोकून घ्या, मग हसा. अंजनाक्काने नळी बाजूला सारली आणि आधी पोटभर हसून घेतले.

त्या दिवशीच्या नोंदीत, दगडखाण चौक या नावापुढे, खोकला तेवढा दिसतो.